शबनूर सिस्टरचा ताप

पौडच्या एका खासगी दवाखान्यात शबनूर नर्स आहे. बाजारात दिसली की बायका तिला गाठायच्या. "पाटलांच्या सुनंला काय झालंय गं?" शबनूर वांगी निवडता निवडता म्हणायची, "ताप." कुणाचा गर्भ पडलेला असो, कुणी फवारणीचं औषध प्यालेलं असो, तिच्या लेखी सगळ्यांना तापच.

सासू ताजबी वैतागायची. "घरात तरी खरं सांग की."

"ते सांगायचा हक्क पेशंटचा हाय, अम्मी. मी तोंड उघडलं तर कायदा मला सोडायचा न्हाई."

यंदा शबनूरच्याच छातीतली गाठ काढली. त्याच बायका विचारपूस करत घरी आल्या. ताजबी दार अडवून उभी राहिली.

"ताप हाय तिला," म्हणाली.