निघून गेलेलं गिऱ्हाईक

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीला चार दिवस उरले होते, तेव्हा ती ईमेल आली. पुण्यात पीएचडी करणाऱ्या कुणा मुलीची. ‘मॅडम, तुमच्या लेखात सिद्धतेच्या तिसऱ्या पायरीवर मी अडकले आहे. निघून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तुम्ही कशावरून धरलं? माझंच काही चुकतंय का?’

चुकत तिचं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचतानाच मला ते कळलं.

लेख घासाघिशीवरचा. दुकानदार आणि गिऱ्हाईक कितीही ताणोत, शेवटी भाव एकाच जागी येऊन थांबतो, हे आम्ही गेम थिअरीच्या गणितानं सिद्ध केलं होतं. म्हणजे केलं असं समजत होतो. माझे पुढचे तीन लेख त्याच्यावरच उभे आहेत आणि अर्जातल्या यादीत तो पहिला आहे. यादीखाली ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असं लिहून मी सही केलेली.

कॉलेजची फी मी आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या बडा फुहारा बाजारात, साडीच्या दुकानात काम करून भरली. दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडायच्या. तिथं उठून गेलेलं गिऱ्हाईक परत येतंच. चार दुकानं फिरून, काही झालंच नाही असा चेहरा करून येतं, आणि भाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर समजण्यासारखं होतं.

आणि माझ्याकडून ती झालीही नव्हती! प्रबंधाच्या मसुद्यात परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर दोन पानं होती. त्यांत भाव एका जागी थांबत नव्हता. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही पानांवर लाल काट मारली. लेख दोघांच्या नावानं छापला गेला, नाव त्यांचं आधी. ते विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले. मी मात्र दोनदा मुलाखतीत मागे पडले. ती काट मी एक दिवसही विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राइट टाउनला त्यांच्या घरी गेले. ते अंगणात पेपर वाचत बसले होते. मी ईमेल दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि मोबाइल परत दिला.

“अच्छा. मग?”

“मग काय सर? सिद्धता कोसळते.”

“काहून एवढी घाबरून राहिली? किती लोकांनी वाचला असंन हा लेख?”

“एकीनं तरी वाचला.”

ते हसले. “तिला लिही, पाहून सांगतो म्हणून. मुलाखत होऊन जाऊ दे. समिती लेख मोजते बाई, वाचत नाही.”

माझा आवाज चढला. आतून त्यांच्या सूनबाई डोकावून गेल्या. “ती दोन पानं तुम्ही काटली होती. ‘दुकानातलं आहे, सिद्धांतात नको’ असं तुम्ही म्हणाले होते.”

“काटली,” ते शांतपणे म्हणाले. “तू काहून ऐकलं? दुकानात साडीवाल्या मालकाशी भांडणारी तू. माझ्याशी काहून नाही भांडली?”

मी मोबाइल पर्समध्ये टाकून उठले. उत्तर मला माहीत होतं. प्रबंधावर त्यांची सही हवी होती, आणि भाव एका जागी थांबतो हे छापून येण्यासारखं होतं, थांबत नाही हे नव्हतं. मीही तोच सौदा केला होता.

त्याच दुपारी त्या मुलीला लिहिलं, ‘तुमचं बरोबर आहे.’ नियतकालिकाच्या संपादकांनाही कळवलं. यादीतला पहिला लेख काढून नवी यादी ऑफिसात नेऊन दिली. देताना क्लार्क म्हणाला, “दीदी, लोग तो जुड़वाने आते हैं.”

मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. “ये वाला कहाँ गया, मैडम?”

“सर, वो ग़लत है.”

“किसी ने पकड़ा?”

“एक छात्रा ने.”

“और बाक़ी तीन? वो तो इसी पर टिके हैं ना?”

त्यांनी वाचले होते. सरांच्या हिशेबात न बसणारा माणूस नेमका माझ्याच वाट्याला आला होता. मी म्हणाले, “देखना पड़ेगा.” तज्ज्ञांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. समोरून उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

निकाल अजून लागलेला नाही. कॉरिडॉरमध्ये ऑफिसचा शिपाई दिसला की मी दार लोटून घेते. तीन लेखांपैकी एक तपासून झाला, तो टिकेल असं वाटतं. दुसऱ्याच्या चौथ्या पानावर आले आहे. तिथं एक ओळ आहे, ‘हे उघडच आहे’ अशी. ती मीच लिहिलेली, आणि तिथं काय उघड होतं ते मला आता आठवत नाही.