किलोमीटरभर बघणारं यंत्र

अस्लिद्दीन तुरोपोव उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या आमच्या कचेरीत मोजणी विभागाचा प्रमुख होता, आणि मोजणीचा त्याला मनापासून कंटाळा. बावीस वर्षांत त्याने स्वतः एक भिंत मोजल्याचं मी पाहिलं नाही. सासरा खात्यात वरच्या खुर्चीत होता, एवढंच त्याचं माप पक्कं. साइटवर जायचं म्हटलं की त्याची पाठ धरायची.

त्या वर्षी जुन्या रेशीम गिरणीचं काम आलं. तिचं हॉटेल व्हायचं होतं आणि त्याआधी संपूर्ण इमारतीचं संगणकावर हुबेहूब मॉडेल हवं होतं. टेपने वर्ष गेलं असतं, म्हणून लेझर स्कॅनर घ्यायचं ठरलं. निवडणार कोण? अस्लिद्दीन!

ताश्कंदहून विक्रेता दोन यंत्रं घेऊन आला. आमच्याकडे मोठ्या बाईला ओपा म्हणजे ताई म्हणतात, मोठ्या पुरुषाला आका म्हणजे दादा. आमची सर्वांत जुनी मोजणीदार होसियत-ओपा त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"धुळीत चालतं का? अंधाऱ्या खोलीत? दहा मीटरवर चूक किती? बिघडलं तर दुरुस्ती कुठे?"

विक्रेत्याने लहान यंत्रावर हात ठेवला. "गिरणीला हे बरं, ओपा. सत्तर मीटरपर्यंत पोचतं, हलकं आहे, तीन-चार मिनिटांत एक जागा उरकते."

"आणि ते मोठं?" अस्लिद्दीनने विचारलं.

"ते खाणवाले घेतात, आका. डोंगर मोजायला. किलोमीटरच्या पुढचं दिसतं त्याला."

"मग झालं तर! एवढ्या लांबचं ज्याला दिसतं, त्याला जवळचं दिसणार नाही होय?"

"नाहीच दिसत," होसियत-ओपा म्हणाली. "दोन मीटरच्या आतलं काही नाही. डोक्यावरचं नाही, पायाखालचं नाही. आणि आपल्या गिरणीत किलोमीटर आहे कुठे, आका? निदान एक दिवस दोन्ही यंत्रं जिन्यात लावून बघू."

"तुम्ही टेप सांभाळा, ओपा. यंत्राचं मी बघतो."

मोठं यंत्र आलं. त्याच्यावर कोपर टेकून अस्लिद्दीनने फोटो काढून घेतला. लांबलचक कताईघर झकास मोजून झालं, तेव्हा तो दोन दिवस सगळ्यांना टोमणे मारत हिंडला. मग आल्या कोष वाळवायच्या अरुंद खोल्या आणि मागचा जिना. दोन माणसं ते धूड वर चढवायची, आणि मॉडेल बनवणाऱ्या माझ्या पडद्यावर यायची भोकं. जिना तर अर्धा गायबच.

"वरची पायरी आहे, खालची आहे," अस्लिद्दीन माझ्या खांद्यावरून म्हणाला. "मधे रेघ ओढ की, मिर्झो!"

मी ओढली. त्याची कीव करत ओढली, पण हात माझाच होता.

त्या मॉडेलवरून हॉटेलच्या इंजिनिअरने लोखंडी जिना घडवला. तो अकरा सेंटिमीटर जास्त लांब निघाला. अंगणात वीस कामगार बघत उभे, जिना दोरांवर लोंबकळतोय, आणि आमचे प्रमुख म्हणतात काय, "भिंत सरकली असेल!" एक गवंडी खो खो हसला. इंजिनिअर हसला नाही. त्याने होसियत-ओपाला विचारलं, "तुम्हाला किती दिवस लागतील?"

"लहान यंत्र भाड्याने आणून द्या. नऊ दिवस."

इंजिनिअरच्या हुकमाने अस्लिद्दीनला तिच्या हाताखाली उभं राहावं लागलं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे फलक धरायचं काम त्याच्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "ओपा, हे फलक असतात कशाला?"

बावीस वर्षांनी! मला हसू आवरेना. होसियत-ओपाने मात्र माझ्याकडे डोळे वटारले.

"इथून घेतलेलं आणि पलीकडून घेतलेलं एकमेकांना जोडायला खूण लागते, आका. दोन्हीकडून तोच फलक दिसला पाहिजे. सरळ धरा."

त्याने सरळ धरला. कान लाल झाले होते त्याचे.

नवव्या दिवशी काम संपलं, जिना कापून बसवला. मोठं यंत्र एका चुनखडीच्या खाणीने घेतलं. अहवालावर सर्वांत वर अस्लिद्दीनचं नाव आणि होसियत-ओपाचं तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात. मी चिडलो तर ती म्हणाली, "जिना बसला ना? मग गप चहा पी."

त्या शरदात मी कचेरी सोडली. तो अजून प्रमुख आहे. नवरोजला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला फोन करतो. मी तो वाजू देतो.