बोंडाऱ्याचा अर्जुन

झाडाचं नाव विचारलं की बाबा आधी डोक्यावरची टोपी एका हाताने धरायचे आणि मान मागे टाकून शेंड्याकडे बघायचे. खोडाकडे नाही, आणि विचारणाऱ्याकडे तर नाहीच. विचारणारा ताटकळला तरी त्यांना घाई नसायची. "आदी वर बगा, बाई," म्हणायचे. "खोडं म्हातारपनी समद्यांची सारकीच."

मी कर्जतच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून शिमग्याच्या आधीपासून चैत्र संपेपर्यंत दर रविवारी दहा-पंधरा हौशी माणसांना कोंडाणे लेण्यांच्या बाजूच्या रानात झाडं दाखवायला नेऊ लागले. तुम्हीही अशा फेऱ्यांना जात असाल, तर पुढे चालणारी बाई तुम्ही पाहिली असेल. गळ्यात भिंग, हातात पुस्तक, आणि जगातलं सगळं तिला ठाऊक असल्यासारखा चेहरा. ती मी.

बाबा त्याच वाटेवरच्या ठाकरवाडीत राहायचे. पहिल्या वर्षी आम्ही रस्ता चुकलो तेव्हा त्यांनीच ओहोळापर्यंत आणून सोडलं होतं. मग मी त्यांना दर रविवारी सोबत यायची गळ घातली. दुपारचं जेवण त्यांच्या सुनेच्या हातचं ठरलं. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण आणि ठेचा. हळूहळू वाडीतल्या आणखी चार बायका तिच्या हाताखाली आल्या. फेऱ्यांचा मोसम आला की त्या वाडीला चार घास बरे मिळायचे.

माणूस मोठा मजेशीर. शहरातली माणसं प्रत्येक झाडापाशी एकच विचारतात, याचा उपयोग काय? बाबांना या प्रश्नाचा फार कंटाळा. एकदा म्हणाले, "उपेग? उबं हाय ना त्ये." एका कॅमेरेवाल्या गृहस्थांनी मखमली दिसते म्हणून खाजकुइलीची शेंग कुरवाळली आणि जागच्या जागी नाचायला लागले. बाबांनी शांतपणे समोर पडलेलं ताजं शेण उचललं आणि त्या गृहस्थांच्या हातावर, मानेवर, भारी टी-शर्टावर चोपडलं. खाज थांबली. त्या गृहस्थांनी पुढच्या रविवारी आपले दोन मित्र आणले.

कोशिंबाला फाल्गुनात लालभडक पालवी फुटते. लांबून सगळ्यांना ती फुलंच वाटतात. असा कोणी फसला की हे खूश. "पालवी हाय ती. पोरं जन्मतात तवा तांबडीच आसत्यात," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

खालच्या गावांतली माणसंही त्यांच्याकडे यायची. कावीळ झाली, मूल किरकिरतं, गुडघा धरलाय, असं काही असलं की सकाळी सकाळी कोणीतरी ओट्यावर बसलेलं असायचं. साल काढायची त्यांची रीत ठरलेली होती. झाडाच्या बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे, उगवतीच्या अंगाने तळहाताएवढाच तुकडा काढायचा आणि जखमेला शेणमाती लिंपायची. त्याच झाडाला पुन्हा वर्षभर हात लावायचा नाही. हे औषध देतात ते किती खरं, याबद्दल मला शंका होती. झाड मात्र ते कधी चुकत नाहीत, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. पुढे जे केलं ते बघता, ते कौतुक किती वरवरचं होतं ते कळतं.

ओहोळाच्या काठावर एक उंच, पांढरट, गुळगुळीत खोडाचं झाड होतं. फाल्गुनात अंगावर एक पान नाही. त्या दिवशी सोबत अठरा माणसं होती आणि मी रंगात आले होते. मी त्या खोडावर हात ठेवून म्हणाले, हा अर्जुन. ओहोळाकाठी येतो, साल अशी पापुद्र्यांनी सुटते, आणि हीच ती साल, हृदयविकारावर देतात ती. लोक पटापट लिहून घ्यायला लागले.

मागून आवाज आला, "बोंडारा हाय तो, बाई."

टोपी धरून ते वर बघत होते. मी वर पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात एका मुलीने मोबाइल खोडावर धरला आणि तिच्या अ‍ॅपनेही अर्जुनच सांगितलं. त्या अ‍ॅपला मी एरवी शिव्या घालते. त्या दिवशी मात्र ते माझ्या बाजूने बोललं म्हणून मला ते एकदम शहाणं वाटलं. मी पुस्तकातलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बाबा, हे वाचा जरा."

त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. इतर काही जणांनाही असावं, कारण दोघंतिघं हसली. शाळेत उलट उत्तर देणाऱ्या पोराला मी असंच गप्प करायचे. ती सवय हाडात मुरलेली, पण सवय होती म्हणून काही ते कमी वाईट ठरत नाही.

ते म्हणाले, "आसंल. तुमी शिकल्याली मानसं." आणि सगळ्यांच्या मागे जाऊन चालायला लागले.

संध्याकाळी मी ग्रुपवर झाडाचा फोटो टाकला. अर्जुन, अमुक ओहोळाच्या काठी, वाडीच्या अलीकडे. पत्ता इतका बिनचूक की आंधळाही पोचला असता.

त्यानंतर तिसऱ्या रविवारी नवीन माणसं घेऊन गेले, तर झाडाशी वनखात्याचा गार्ड उभा होता. कोणीतरी कोयत्याने हात पोचेल तिथपासून गुडघ्यापर्यंत सगळी साल गोल सोलून नेली होती. तळहाताएवढी नव्हे, सगळीच्या सगळी. खाली पापुद्रे पडले होते. आतलं लाकूड ओलं, उघडं पडलं होतं.

बाबा आमच्या आधी येऊन तिथे खाली बसले होते. उठून त्यांनी माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. वरून पडलेली दोन वाळकी बोंडं होती, चण्याहून थोडी मोठी, टोकाला तडकलेली. अर्जुनाच्या फळाला पाच पंख असतात. हे मी हजारो मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. गेल्या हंगामाची बोंडं वर फांद्यांवर तशीच होती. मान वर केली असती तर त्याही दिवशी दिसली असती.

तेवढ्यात नव्यांतली एक बाई म्हणाली, अर्जुन ना हा, ग्रुपवर फोटो होता. हृदयासाठी नेली असेल कोणी.

गार्ड इथल्याच गावचा. तो चमकला. "अर्जुन? बोंडाऱ्याला अर्जुन कोनी सांगितला?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. समोर बारा माणसं माझ्याकडे बघत होती. त्याच दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं होतं की चुकीच्या ओळखीने माणसं मरतात.

"म्या सांगितला, सायेब," ते म्हणाले. "डोळं गेलं आता. चुकलो."

गार्डने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. कळत नाही तर लोकांना कशाला सांगता, या वयात तरी. त्यांनी मान डोलावली. मी हातातली बोंडं मुठीत घट्ट धरून उभी होते. नंतर ती मी ओहोळात टाकली. कोणाला दिसू नयेत म्हणून टाकली, हेही आज सांगून टाकते.

मनाशी ठरवलं होतं, पुढच्या रविवारी सगळ्यांपुढे सांगायचं. पुढच्या रविवारी मी वाटच बदलली. पलीकडच्या अंगाने, दुसऱ्या वाडीवरून. लोकांना म्हणाले, इकडे फुलोरा जास्त आहे. खरं म्हणजे ते झाड आणि त्यांचा ओटा, दोन्ही मला टाळायचं होतं. जेवण तिकडेच सांगितलं. पुढच्या वर्षीही तेच. त्यांना बोलावणं धाडलं नाही. थकले असतील, असं स्वतःला समजावलं. माझ्यासारख्या बाईला स्वतःला समजावणं काही अवघड जात नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कर्जतच्या बाजारात त्यांच्या वाडीची एक बाई कंटोळी विकायला बसली होती. तिने सांगितलं, बाबा जाऊन पंधरा दिवस झाले.

मी दुसऱ्या दिवशी गेले. ओटा सारवलेला होता. सून आतून पाणी घेऊन आली. मी वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं, पण प्रत्यक्षात एकच वाक्य आलं. म्हणाले, "त्या दिवशी अर्जुन मी सांगितला होता. बाबांनी नाही."

ती म्हणाली, "म्हाईत हाय की, बाई."

तिने दाराच्या खांबावर हात ठेवला. "ह्यो बोंडाऱ्याचा हाय. समद्या वाडीचं खांब बोंडाऱ्याचं. हितलं शेंबडं पोर वळखंल. आन् बाबा वळखनार नाय?"

मग तिने बाकीचं सांगितलं. ती त्यांच्याशी भांडली होती, खरं का नाही बोललात म्हणून. ते म्हणाले होते, बाईंचं नाव खराब झालं तर मानसं येनार नाय, तुमचा चुला इझंल. माझं काय, मला हितंच ऱ्हायचंय. वाडीतल्या माणसांनी विश्वास ठेवला नाही, पण खालच्या गावांनी ठेवला. म्हाताऱ्याला आता झाड ओळखता येत नाही, असं गार्डकडून पसरत गेलं आणि औषधाला येणारी माणसं बंद झाली. ज्या चुलींसाठी त्यांनी हे केलं, त्या मी दुसऱ्या वाडीत नेल्या होत्या.

झाड दुसऱ्या वर्षी वाळलं. ते रोज जाऊन शेणमाती लिंपायचे, ओलं गोणपाट गुंडाळायचे. त्याने काही झालं नाही.

मी विचारलं, माझ्यावर रागावले होते का.

"राग कसला," ती म्हणाली. "रईवारी आंगूळ करून, धुतल्याला सदरा घालून हितं बसायचं. तुमी बोलवाय येनार म्हनून. मी म्हनायची, बाई आता त्या अंगानं जात्यात, तुमी जेवून घ्या. पर दोन्ही वर्सं, दुपार टळंपातूर उटायचं नाय."

त्या सगळ्या रविवारी मी तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर लोकांना झाडांची नावं सांगत होते.