कानाने वाट बघणारी

भुताचा सिनेमा बघून रडलेली म्हातारी बोईसरमध्ये मी एकटीच असेन. नात म्हणाली, "आजी, हे कुणाला सांगू नकोस." सांगत नाही. लिहून ठेवते.

ही नात पालघरला कॉलेजात जाते आणि तिला भुतांचं भारी वेड. मागे एकदा तिने मला मोबाइलवर एक सिनेमा दाखवला होता. समुद्राकाठी ओसाड घर, त्यात पांढऱ्या केसांची एक हडळ. ही हडळ कुणाच्या मानगुटीवर बसत नाही, झाडाला उलटी लटकत नाही. ती फक्त बंद दारांना कान लावते. आतला माणूस बोलला की मेला. तो सिनेमा खूप चालला होता म्हणे. आता त्याच हडळीचा 'आधीचा भाग' थिएटरात लागला होता.

"आधीचा भाग नंतर कसा काय आला गं?" मी विचारलं.

"म्हणजे ती तरुण होती तेव्हाची गोष्ट. ती हडळ कशी झाली ते."

"त्यात काय दाखवायचं? लग्न झालं असेल."

सून खदखदून हसली. मग समोर आपलीच सासू बसली आहे हे लक्षात येऊन भाजी ढवळायला लागली.

तर आम्ही दोघी गेलो. सिनेमा भिकार. हे मी नातीच्या आधी ओळखलं. पहिल्या सिनेमात हडळ का ऐकते ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिची भीती वाटायची. इथे सगळं समजावून सांगत होते. एक मांत्रिक आला, त्याने समजावलं. एक चुलता आला, त्याने ओरडून समजावलं. मग विहिरीतून कुणीतरी वर आलं, त्यानेही समजावलं. मच्छीमारांचं गाव म्हणून जे दाखवलं होतं, तिथे एकाही बाईच्या हाताला खवला चिकटलेला नव्हता. होड्या इतक्या स्वच्छ की त्यात जेवायला बसावं. मी नातीच्या कानात म्हटलं, "या गावात मासळीचा वास येत नाय. भूत याच गोष्टीचं असेल."

"आजी, गप."

पण ती मुलगी. तरुण हडळीचं काम करणारी. कुठली कोण, मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. बाकी सगळ्यांनी घाबरायचं आणि घाबरवायचं ठरवलं होतं. तिने एकटीने वाट बघायचं ठरवलं होतं. तिचा नवरा बोटीवर गेलेला असतो आणि तो परत येणार नसतो, हे तिच्याशिवाय सगळ्या थिएटराला ठाऊक असतं. ती दारात बसून केस विंचरते आहे. लांबून काहीतरी आवाज येतो. तर ही मुलगी दचकली नाही, उठली नाही, समुद्राकडे बघायलासुद्धा गेली नाही. आधी तिचा फणीचा हात थांबला. मग मान एका बाजूला कलली. डोळे उघडे, पण ते कशावरच नव्हते. तोंड अर्धवट उघडं. श्वास कुठे गेला कुणास ठाऊक.

आणि मला आमच्या बोटीचं इंजीन ऐकू आलं.

शप्पथ. त्या अंधारात, एसीच्या गारठ्यात, माझ्या नवऱ्याच्या बोटीचं इंजीन. आमचं इंजीन नीट चालायचं आणि मध्येच उचकी लागल्यासारखं अडखळायचं, मग पुन्हा लाजल्यासारखं हळू सुरू व्हायचं. ती उचकी मी ऐकली. पडद्यावर मुलगी उठली, मांत्रिक आला, आवाज गेला. मी रडत होते. नातीला वाटलं मी घाबरले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "खोटं असतं गं आजी सगळं."

आता माझा स्वतःचा आधीचा भाग सांगायला हवा. तोही फसलेलाच आहे, आणि त्यातली नटी या मुलीच्या पासंगाला पुरणारी नव्हती.

माझं माहेर पालघरजवळच्या माहीमचं. वडिलांची लहानशी शिडाची होडी. ती आवाज न करता यायची, मांजरासारखी. लग्न करून सातपाटीला आले तर तिथे इंजिनांच्या बोटी. भरतीच्या पाण्यावर बोटी खाडीत शिरायच्या आणि घराघरांत बायका हातातलं काम टाकून ऐकायच्या. कुणाची बोट आली हे त्या बघून नाही, ऐकून सांगायच्या. माझी सासू भाकरी थापता थापता म्हणायची, "ही खोकणारी शेजाऱ्यांची. ही तांडेलाच्या भावाची, तिचा पट्टा सैल हाय. आपली अजून मागं हाय." मला सगळी इंजिनं सारखीच वाटायची. पण मी नवी नवरी, हुशार म्हणवून घ्यायची हौस दांडगी. विचारायची लाज.

एक दिवस सासू बाजाराला गेलेली. खाडीकडून आवाज आला. मी गल्लीभर ओरडले, "आमची आली! आमची आली!" हिरवं नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, काखेत टोपली. धावले ती थेट गुडघाभर पाण्यात. बोटीतली मासळी बाईनेच डोक्यावरून घरी न्यायची ही आमची रीत, त्यामुळे टोपली घेऊन जाणं बरोबरच होतं. फक्त बोट दुसऱ्याची होती. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, एक म्हातारा उभा. तोंडात एक दात. त्याने माझ्याकडे बघितलं, गजऱ्याकडे बघितलं आणि मागे वळून खलाशांना म्हणाला, "आरं, माझं परत लगीन लावलं काय कुणी? आमाला सांगितलं पन नाय!"

बंदरावरच्या बायका चिखलात बसून हसल्या. एक तर पोट धरून म्हणाली, "म्हाताऱ्या, ने हिला! तुजी मासळी तरी कोन उचलेल?"

झालं. एवढ्या भांडवलावर त्या गल्लीने पुढचे कित्येक दिवस काढले. कुणाचीही बोट आली की हाक यायची, "नवरीबाय, बघ गं, तुजी काय?"

म्हणून पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला. नवऱ्याची बोट खरोखर आली, सासू म्हणाली, "जा, आपली हाय." मी जागची हलले नाही. चूल फुंकत बसले. म्हटलं, येतील घरी, कुठे जातात. तर नवरा आला, स्वतःच्या डोक्यावर टोपली घेऊन. मासळीचं पाणी मानेवरून गळतंय आणि मागून सगळी गल्ली. पुरुषाने टोपली डोक्यावर आणलेली त्या गल्लीने त्याआधी पाहिली नव्हती. "आरे, लुगडं नेसायचं राहिलं तुजं!" मित्र ओरडत होते. त्याने टोपली दारात उतरवली, मला म्हणाला, "ऐकायला शीक. मला रोज नाय जमायचं हे." आणि हसला.

मी शिकले. अशी शिकले की नंतर गल्लीतल्या बायका मला विचारायला यायच्या. वारा कुठूनही असो, ती उचकी मला खाडीच्या तोंडाबाहेर असतानाच कळायची. मग टोपली घेऊन बंदरावर जाऊन उभी राहायची. बाकीच्या कपाळावर हात धरून बघत असायच्या. मी ऐकत असायची. एकदा नवरा उतरता उतरता म्हणाला, "सगळ्या बायका माणसासारख्या उभ्या असतात. तू तेवढी मान वाकडी करून, कोंबडीसारखी."

मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. कोंबडी म्हणाला! संध्याकाळी त्याने सरंग्याचा सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात टाकला, तोही मी मांजराला घातला. आहे की नाही अक्कल? सरंगा, मांजराला!

पुढे मुलगा बोईसरला कंपनीत लागला, बोट जुनी होऊन मोडली गेली, आम्ही इकडे आलो. आयुष्यभर मी समुद्राला भ्याले, कधी नवऱ्याला नेतोय म्हणून. समुद्राने नाही नेला. इथे, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली दुपारी झोपलेला असताना गेला. मी पलीकडे चटणी वाटत होते, मिक्सरच्या आवाजात.

त्यानंतर हळूहळू ती उचकी माझ्याकडून हरवली. इथे कंपनीचे भोंगे, टँकर, रिक्षा. सातपाटीला गेले तर नव्या बोटींची नवी इंजिनं, सगळी शहाणी, एकही अडखळत नाही. मी स्वयंपाकघरात तोंडाने तो आवाज काढून बघायची. एकदा सून धावत आली, "आई, ओवा देऊ का? गॅस झालाय का?" चेहरा आठवायला फोटो आहे. आवाजाला काय आहे?

आणि तो आवाज एका भिकार भुताच्या सिनेमात सापडला. मला तो पुन्हा ऐकायचा होता. एवढंच हवं होतं.

नात म्हणाली, "दुसऱ्यांदा? आजी, पहिल्यांदा बघितला तीच चूक होती."

मी बोंबलाची चटणी कबूल केली. नाही म्हणाली. भरलेले सरंगे कबूल केले, तेव्हा चप्पल घातली.

थिएटरात खिडकीवरचा माणूस म्हणाला, "माँजी, आज आखरी दिन है. और पब्लिक नहीं आया तो शो कैन्सल." आम्ही दोघीच होतो. बाहेर वडापावच्या गाडीशी पहिल्या पाळीतून सुटलेले दोन कामगार उभे होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले.

"बेटा, भूत का पिक्चर देखा क्या? मैं तो देखके दो रात सोई नहीं. बुढ्ढी बाई हूं, फिर भी वापस आयी."

नात डोक्याला हात लावून भिंतीकडे तोंड करून उभी. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "इतना डरावना है?"

"अरे, मेरी पोती को देखो, अभी से दीवार पकड के खडी है."

आले बिचारे. एक जण मांत्रिक यायच्या आतच घोरायला लागला.

मी मात्र पाठ ताठ करून बसले होते. फणी आली. हात थांबला. मान कलली. आणि वरून काय तो गोंधळ! ढोल, बाया किंचाळतायत, कुणीतरी लोखंड घासतंय. सिनेमावाल्यांनी तिथे एवढं संगीत कोंबलं होतं आणि पहिल्या दिवशी मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं! मी कान टवकारले, डोळे मिटून बघितलं. इंजीन नाही. उचकी नाही. नुसते ढोल. हातातून गेलं, हे मला कळलं. कायमचं.

मग डोळे उघडले, तर ती मुलगी अजून तशीच होती. एवढ्या ढोलांत तिला ढोल ऐकू येत नव्हते. मान वाकडी, गळ्याची शीर ताणलेली, ओठ जरासे उघडे. अगदी कोंबडीसारखी. आणि इतकी सुंदर, की मी बघतच राहिले.

म्हणजे हे दिसत होतं त्याला. नाळेवरून, दर खेपेला. मी टोपली घेऊन ऐकत उभी असायची, मला काय ठाऊक मी कशी दिसते? त्याला एवढं सांगायचं होतं आणि त्याच्याकडे शब्द होता तो कोंबडी. मी सरंगा मांजराला घातला.

बाहेर आलो तर ऊन होतं. झोपलेल्या कामगाराने डोळे चोळत विचारलं, "अम्मा, भूत कहां था?"

"तुम सो गये, इसलिए बच गये," मी म्हटलं.

रिक्षात नातीने हळूच विचारलं, "आला का आवाज?" मी तिला पहिल्या दिवसानंतर सगळं सांगितलं होतं.

"नाय."

मला वाईट वाटेल म्हणून ती म्हणाली, "पण ती नटी चांगली होती."

"ती होती म्हणून तर," मी म्हटलं.

संध्याकाळी मी सरंग्यांचं वाटण करायला लसूण सोलत बसले होते. शब्द दिला होता ना. नात दारात उभी. नाक्यावरून मुलाची मोटारसायकल वळली. इतर शंभर गाड्यांत तीही एक, पण ती वळणावर गिअर बदलताना जरा खाकरते. सुनेला अजून कळत नाही, मी चहा आधीच कसा ठेवते ते. माझा सोलायचा हात थांबला.

"आजी," नात म्हणाली, "मान."

"काय मानेला?"

"काही नाही. तशीच ठेव."

गाडी आली, खाली लागली, बंद झाली. मी मान तशीच ठेवली.