कलावतीताईंनी वाटलेल्या जास्तीच्या पुड्या

गोहलपुरात राहणाऱ्या कलावतीताई मेश्राम जबलपूरच्या एका संस्थेसाठी अकरा वर्षं मझौलीकडची गावं फिरत आहेत. परसबागेच्या बियाण्यांच्या पुड्या द्यायच्या आणि नंतर घरोघरी विचारायचं, आठवड्यात किती दिवस भाजी शिजली. वीस गावांच्या चिठ्ठ्या टाकून दहांना बियाणं दिलं होतं. बाकीची दहा तुलनेसाठी कोरी ठेवायची होती.

कामाचा परिणाम कसा मोजायचा, हे शिकवायला गेल्या जुलैत यशश्री मॅडम आल्या. मी सांख्यिकी खात्यातून निवृत्त. आकडेमोडीला मदत म्हणून मागे बसलो होतो. मॅडमनी याच गावांचे आकडे फळ्यावर मांडले. दोन्हीकडच्या रेषा जवळजवळ सारख्याच चढल्या होत्या.

"बागेमुळे फरक पडला असं यातून म्हणता येत नाही. असाच अहवाल गेला तर मार्चनंतर काम बंद," मॅडम म्हणाल्या.

कलावतीताई उभ्या राहिल्या. "मॅडम, कोऱ्या गावांपैकी चारांत मी पुड्या वाटल्या. उरल्या होत्या. बायका बाजारात अडवून विचारत, 'दीदी, हमाए गाँव को काए नईं?' काय सांगू?"

त्यांच्याबरोबर फिरणारा प्रितम कुजबुजला, "ताई, काहून बोलून राहिल्या? नोकरी जाईल ना!"

"जाऊ दे. बाग खोटी ठरून राहिली, ते नाही चालत."

मी ती चार गावं वगळून पुन्हा गणित केलं. फरक चांगलाच मोठा निघाला. मी म्हणालो, "झालं की!"

"नाही काका," मॅडम म्हणाल्या. "ताईंनी मागणाऱ्यांनाच दिलं. त्या बायका मुळातच हौशी असतील. त्यांची गावं सोयीनं काढली, तर कोऱ्या बाजूला कमी हौशी गावंच उरतात आणि फरक फुगून दिसतो."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. अहवालात दोन्ही गणितं गेली, आणि ताईंची चूकही.

संस्थेच्या सुनेत्राबाई रागावल्या, पण ताईंना काढलं नाही. खरा फरक कळावा म्हणून काम आणखी दोन वर्षं चालवायचं ठरलं: उरलेल्या सहा गावांपैकी तीन यंदा, तीन पुढच्या वर्षी. चिठ्ठ्या ताईंनीच टाकायच्या, आणि त्या गावांच्या बायकांनी उचलायच्या.

मझौलीच्या बाजारात त्यांनी त्या टाकल्या. मागे राहिलेल्या गावाची एक बाई पुढे आली. "और हम, दीदी?"

"अगले साल. चिट्ठी तो तुमई ने उठाई."

बाईने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, हसली, आणि तोवर वाफा कुठे खणून ठेवू, ते विचारू लागली.