बायकांच्या नावाचा पेला

इथे जॉर्जियात मेजवानीला एक तमादा असतो. तो पेला उंचावून बोलतो, मग सगळे पितात. हा मान सहसा पुरुषाचाच. परवा माझ्या घरमालकीण मानानाकाकूंच्या साठीला त्यांचे दीर तमादा होते. "आता बायकांसाठी!" ते म्हणाले, आणि सगळे पुरुष आदराने उभे राहिले. काकू मात्र स्वयंपाकघरात चीजची भाकरी भाजत होत्या.

त्यांची लेक तमुना म्हणाली, "काका, उभे राहिलात ते छानच. पण जिच्यासाठी उभे राहिलात, तिला बसायला खुर्ची कुठाय?"

"गप गं! भाकरी करपेल," काकू आतून ओरडल्या.

"करपू दे," म्हणत दिरांनी त्यांना आपल्या खुर्चीत आणून बसवलं. "वहिनी, आज तुम्ही बोला."

काकू आधी लाजल्या, मग बोलतच सुटल्या. भाकरी खरंच करपली. आम्ही ती आवडीने खाल्ली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्या कौतुकाच्या जेवणाला आई सगळ्यांच्या शेवटी जेवली होती, आणि मला ते खटकलंही नव्हतं. आता घरी फोन करून सांगितलंय, दिवाळीला आई पहिल्या पंगतीत बसणार. पोळ्या बाबा करणार आहेत. करपल्या तरी चालतील.