सांत्वन पथक

आमच्या चर्चच्या मंडळीत सांत्वनासाठी चार-पाच जणांचं एक पथक आहे. कुणाच्या घरी मयत झाली की इस्त्रीचे शर्ट घालून निघायचं. एक गीत, बायबलातलं एक वचन, प्रार्थना, चहा, की झालं. वीस वर्षं मी त्या पथकात होतो आणि स्वतःला फार दयाळू समजत होतो. कसला दयाळू! रडणाऱ्या माणसाला लवकर गप्प करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मग करमाडजवळ ट्रकनं आमच्या मुलाच्या मोटरसायकलला उडवलं आणि पथक आमच्याच घरी आलं.

प्रत्येकाला बोलायची घाई. देव बागेतलं चांगलं फूल आधी खुडतो, असं एकानं ऐकवलं. मीही ते कितीतरी घरांत ऐकवलं होतं, अशीच मान हलवत. दुसऱ्यानं आपल्या मेहुण्याला बायपासमधून देवानं कसं वाचवलं, याची साक्ष दिली. मेहुणा अजून टुणटुणीत आहे म्हणे. सगळ्यांत ज्येष्ठ होते त्यांनी तर कहर केला. माझ्या बायकोला हात वर करायला लावले आणि म्हणाले, "म्हणा वहिनी, प्रभू, जे झालं त्याबद्दल तुझे आभार."

हात तिनं खाली घेतले. चार लोकांत आपली लाज जाईल म्हणून मी, तिचा नवरा, तिच्या कानाशी पुटपुटलो, "म्हणून टाक ना."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. आठ-नऊ दिवस ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. मुलगा गेलाच होता, आता बायकोही हातची जाते की काय, या भीतीनं मी घरात वावरत होतो. पथकातले लोक रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासोबत वचनं पाठवत होते. थू त्यांच्या गुलाबांवर!

एका संध्याकाळी मंडळीतली एक बाई आली. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला आहे. ड्यूटी सुटल्यावर तशीच आली, गळ्यात ओळखपत्र. तिची मुलगी डेंगीनं गेली तेव्हा आम्ही तिच्याकडे जाऊन आमचा कार्यक्रम उरकून आलो होतो. ती बायकोशेजारी फरशीवर बसली. मग तिनं विचारलं, "लई राग आलाय का देवाचा?"

"व्हय," बायको म्हणाली.

"मला बी आलता. अजून येतो कधी कधी." तिनं बायकोचा हात धरला आणि डोळे मिटले. "प्रभू, हिचं लेकरू गेलं. ही तुझ्यावर चिडलीय. तू ऐकून घे, पण हिला सोडू नको. आमेन."

एवढीच प्रार्थना. एवढ्या वेळात आमच्या पथकाकडून देवाच्या पदव्यासुद्धा म्हणून झाल्या नसत्या. बायको तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. त्या बाईनं तिला गप्प केलं नाही, पाठीवरून हात फिरवत राहिली.

ती गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "आता तुमी करा."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..."

"तसली नको."

मला दुसरी येत नव्हती. मी खाली बसलो.

"देवा, माझं पोरगं गेलं," एवढंच तोंडातून आलं.

"आमेन," बायको म्हणाली.